वाजिद चोगलेचे अकरा धडे आणि गुरुवारची पोपटी

रोह्याच्या मोहल्ल्यात वाजिद चोगलेला सगळे 'सीईओ' म्हणतात. पाठीमागे म्हणतात तसंच तोंडावरही म्हणतात. तोंडावर म्हणताना हसू आवरतात, एवढाच काय तो फरक. वाजिदला ते कळत नाही असं नाही. पण पदवी ती पदवी, फुकट मिळालेली परत कशाला करा, असा त्याचा हिशेब.

बावन्न वर्षांचा गडी. दाढीला मेंदी, पोटाला पट्टा आणि पायात कायम पॉलिश केलेले बूट. एकोणीस वर्षं त्यानं दोह्याला ड्रायव्हरकी केली. रोह्याचा माणूस दोह्याला, यावर मोहल्ल्यात इतके विनोद होऊन गेलेत की आता कुणी नवीन केला तर त्याला चहा पाजावा लागेल. दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. म्हणजे एकोणीस वर्षांत घरी किती, तर अठरा महिने. बायको बिल्किसनं घर बांधलं, सासऱ्याचं आजारपण काढलं, पोरगी फिजा वाढवली, आणि वाजिदनं व्हिडिओ कॉलवर 'माशाल्ला' म्हटलं. बाप वारला तेव्हाही तो येऊ शकला नाही. साहेबानं रजा दिली नाही, असं तो सांगायचा. मग मोहल्ला त्या साहेबाला मनसोक्त शिव्या घालायचा.

आता हा साहेब. खाण्यापिण्याची कंत्राटं घेणारी मोठी कंपनी त्यानं स्वतः काढलेली, हाताखाली बारा हजार माणसं. मूळचा कुठला कुणास ठाऊक. स्वतःला जगाचा नागरिक म्हणवून घ्यायचा. मोठमोठ्या हॉटेलांत त्याची भाषणं व्हायची, 'मी शून्यातून कसा उभा राहिलो' या विषयावर. शून्यात त्याच्या सासऱ्याची चार हॉटेलं होती, ती तो मोजत नसे. भाषणाची तालीम गाडीच्या मागच्या सीटवर चाले आणि पुढच्या सीटवर वाजिद. सिग्नल लागला की साहेब थांबायचा नाही, वाजिद थांबायचा. अशी एकोणीस वर्षं ऐकून ऐकून वाजिदला ती भाषणं साहेबापेक्षा जास्त पाठ झाली.

त्यानं ती एका वहीत उतरवली. 'पहिला धडा : लीडर पहाटे चारला उठतो.' हे लिहिणारा माणूस रोज सकाळी सात ते साडेदहा साहेबाच्या बंगल्याखाली एसी चालू ठेवून बसायचा, कारण साहेब दहाच्या आत डोळा उघडत नसे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि कानांनी ऐकलेलं खरं, असली ही अजब जात. माणूस हुशार असो नाहीतर बावळट, दुसऱ्याच्या मोठेपणाच्या गाडीत बसला की त्याला वाटतं आपणच चाललोय.

वहीत दहा धडे ठळक अक्षरात होते. अकरावा शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात. तो साहेबाच्या भाषणातला नव्हता. त्याचं असं झालं, की एकदा साहेब भाषणाचे कागद घरी विसरला. वाजिदनं तुफान गाडी हाकून ते आणून दिले. तर साहेब माईकवरून म्हणाला, "उशीर झाला, माफ करा. माझा ड्रायव्हर कागद विसरला. अशा लोकांना घेऊनच आपल्याला पुढं जायचंय." पाचशे माणसं हसली. वाजिद दाराशी उभा होता, तोही हसला, न हसून सांगतो कुणाला. परत जाताना साहेबानं मागून पन्नास रियालची नोट पुढं केली. वाजिदनं ती घेतली, आणि रात्रभर त्याला झोप आली नाही. मग वहीत लिहिलं : 'साहेब चुकला की ड्रायव्हर चुकतो.'

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं माणसं कमी केली, त्यात वाजिदही कमी झाला. घरी आला तो साहेबाचा जुना कोट, ती वही आणि डोक्यात 'आता आपणही संस्थापक' एवढं घेऊन. संस्थापना कशाची करायची, एवढंच ठरायचं होतं. ते थंडीत ठरलं. नदीकडेच्या त्यांच्या वावरात फिजाच्या कॉलेजच्या पोरींनी पोपटी लावली आणि पुण्याच्या दोन पाहुण्या पोरी मडक्यात तोंड घालून खायच्या बाकी राहिल्या. वाजिदला साक्षात्कार झाला.

पोपटी म्हणजे आपल्याकडची थंडीतली मजा. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा, जाडं मीठ, हवी तर केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. तोंड पाल्यानं गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि वरून पेंढा-काटक्या रचून जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा टिपूस नाही. आणि झालं की नाही ते उघडून बघायची सोय नाही. एकदा उघडलं की वाफ गेली, मग ती पोपटी बकरीलाच घालायची.

वाजिदनं पेणच्या कुंभाराकडून मडकी आणली. हमरापूरच्या गणपती रंगवणाऱ्याकडून पाटी रंगवून घेतली : 'दोहा पोपटी ग्रूप. संस्थापक : वाजिद चोगले.' त्या माणसाकडं दुसरा रंग नव्हता, त्यामुळं अक्षरं मुकुटाच्या सोनेरी रंगात आली. पाटी लांबून देवळाची वाटे. एक म्हातारी तर चप्पल काढून आत आली होती.

संस्थापक वाजिद, पण पोपटी लावायची जानी. हे मात्र पाटीवर नव्हतं. जानी ही डोंगराखालच्या कातकरवाडीतली, वाजिदपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी, सुकटीसारखी वाळकी. लहानपणापासून ती चोगल्यांच्या वावरात राबलेली. वाडीतल्या चार बायका हाताशी घेऊन ती पाला आणायची, मडकी भरायची, जाळ लावायची आणि मग एक काठी घेऊन बाजूला उकिडवी बसायची. वेळ झाली की ओंजळभर पाणी मडक्यावर मारायची. कसला आवाज आला की पोपटी झाली, ते तिलाच ठाऊक. वाजिदनं एकदा मोबाइलवर टायमर लावून बघितला होता. अर्ध्या शेंगा कच्च्या, अर्ध्यांचा कोळसा. जानी म्हणाली, "जाल काय घड्याल बघून जलतो व्हय रं?"

पहिल्या हंगामात आठ ऑर्डरी आल्या. धंदा चालला असं म्हणवत नाही आणि बुडाला असंही म्हणवत नाही. बिल्किस काही बोलायची नाही. पण यंदा डिसेंबरात दोन गोष्टी एकदमच आल्या. एक, दोह्याहून साहेबाच्या ऑफिसचा निरोप : साहेबांना जुना ड्रायव्हर हवाय, व्हिसा तयार आहे, महिनाअखेरीस कळवा. दुसरी, धाटावकडच्या एका कंपनीची ऑर्डर : दीडशे माणसं.

बिल्किस त्या दिवशी शेवटी बोलली. "ही ऑर्डर नीट झाली तर ऱ्हावा. नाय झाली तर जावा. पण मग परत 'येतो येतो' म्हणून फोन करू नका. मी आता पन्नाशीला आले, मला तेवढं हसायला जमत नाय."

वाजिद दोन्हीकडून अडकला. साहेबाच्या गाडीत परत बसायचं, ही एक धास्ती. आणि मोहल्ल्यात तोंड दाखवायचं कसं, ही दुसरी.

ऑर्डर घेऊन आला होता हितेश, कंपनीत माणसांचं बघणारा तरुण. तो सुरतेकडून तीन महिन्यांपूर्वीच बदलून आलेला, भलता उत्साही. वाजिदनं त्याला साहेबाच्या चार गोष्टी अशा रंगवून सांगितल्या की हितेश हरखला. "वाजिदभाई, जेवणाआधी तुम्ही दहा मिनिटं बोला ना! द्रष्ट्या संस्थापकाच्या आयुष्यातून नेतृत्वाचे धडे. आमच्या टीमला मोटिव्हेशन होईल." वाजिद बसल्या जागी दोन इंच वाढला.

"तारीख?" हितेशनं विचारलं. "कंपनीला सुट्टी शुक्रवारी असते."

"मग गुरुवार संध्याकाळ," वाजिद झटक्यात म्हणाला. एकोणीस वर्षं त्यानं हेच पाहिलं होतं. दोह्यात शुक्रवारची सुट्टी, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी पार्टी, हे त्याच्या रक्तातच गेलेलं. हितेशकडं दिवाळीच्या जेवणाला केलेली यादी तयारच होती : सव्वाशे जणांना कोंबडी, पंचवीस जण शाकाहारी. त्या हिशेबानं तीस मडकी, पंचवीस कोंबडीची आणि पाच साधी. दोघा शहाण्यांनी हात मिळवले. आता हा गुरुवार कुठला, कुठल्या महिन्यातला, हे बघायला रोह्यातल्या कुठल्याही घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर पुरलं असतं. पण वाजिदच्या मोबाइलात दोह्याचंच कॅलेंडर अजून चालू होतं, आणि हितेशच्या गावाकडं ते व्रत नसतं.

गुरुवारी पहाटे चारला वाजिद उठला. पहिला धडा. बिल्किसलाही उठवलं, तो धडा वहीत नव्हता. दोघांनी मिळून पस्तीस किलो कोंबडीला मसाला लावला. नऊला वावरात गेल्यावर त्यानं कोट चढवला आणि जानीसह पाची बायकांना ओळीत उभं करून मीटिंग घेतली. थंडीत कुडकुडत त्या ऐकत होत्या. त्यातली एक तंबाखू मळत होती.

"आज फार मोठा दिवस हाय," वाजिद म्हणाला. "चौथा धडा. काम सुरू झालं की प्रश्न नाय. ज्याला त्याला जे सांगितलंय ते त्यानं करायचं. मध्येच हे काय, ते काय, असं चालणार नाय."

जानीनं हात वर केला. "पर वाजिदभाय, आज—"

"जानीबाय, मी आता काय बोललो?"

"ईचारायचं नाय."

"मग?"

"पर आज—"

"प्रश्न नाय!"

जानीनं हात खाली घेतला. शेजारणीकडं बघितलं. शेजारणीनं तंबाखू तोंडात टाकली. मीटिंग संपली.

मग वाजिदनं सातवा धडा अमलात आणला : मोठ्या दिवशी लीडरचा फोन बंद असतो. साहेबाचा असायचा, कारण त्याचे सगळे फोन वाजिद घ्यायचा. इथं वाजिदचे फोन घ्यायला कुणी नव्हतं. त्यामुळं बारा वाजल्यापासून हितेश जे सारखे फोन लावत राहिला, ते सगळे वाऱ्यावर गेले. वाजिद दुपारभर आंब्याखाली खुर्ची टाकून भाषण घोकत बसला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दोह्यात निदान उंट तरी खरे होते.

पाच वाजता जानीनं जाळ लावला. तीन ओळींत दहा-दहा मडकी, वर पेंढ्याचा ढीग, पांढरा धूर नदीवर निघालेला. भांबुर्ड्याचा वास सुटला. आणि रस्त्याला तीन बसगाड्यांचे हॉर्न वाजले. वाजिद कोट झटकत उठला, पाहुण्यांना पाणी द्यायचं म्हणून खोपटीत ग्लास आणायला गेला.

खोपटीत तीन मोठे टब होते, वरून केळीची पानं झाकलेली. त्यानं एक पान उचललं. खाली कोंबडी. दुसरं उचललं. कोंबडी. तिसरा टब अर्धा रिकामा होता, एवढंच. तीस किलो कोंबडी, लाल मसाल्यात लडबडलेली, कच्ची, जागच्या जागी पडलेली.

वाजिदनं हातातलं पान भिरकावलं. बाहेर बसमधून माणसं उतरत होती. तो तसाच टब उचलून बाहेर आला, आणि ओरडला. असा ओरडला की बसमधून उतरणारे पायरीवरच थांबले.

"जाने! हे काय? कोंबडी घालायला विसरलीस तू? तीस किलो? अक्कल काय गहाण टाकलीस काय? माझ्या धंद्याची माती केलीस गो बये!"

जानी काठी टेकून उभी राहिली. "विसरली नाय मी. आज गुरवार हाय म्हून—"

"मला वार शिकवतेस? सांगितलं ते काम धड करता येत नाय आणि वर तोंड! अशा लोकांना घेऊन..." आणि इथं तो थांबला. वाक्य अर्धंच राहिलं. हे वाक्य त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, पण तेव्हा ते आठवायची फुरसत नव्हती. बिल्किस चुलीपाशी उभी होती. ती त्याच्याकडं बघत राहिली.

जानीनं काठी खाली ठेवली. फेकली नाही, नीट ठेवली. पदराला हात पुसले. चार बायकांना म्हणाली, "चला गो." आणि पाची जणी बांधावरून वाडीच्या वाटेला लागल्या.

तेवढ्यात हितेश धावत आला, घामाघूम. "वाजिदभाई! फोन का बंद आहे तुमचा? दुपारपासून लावतोय! मोठा लोचा झालाय. आज मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे म्हणे. मला कुठं माहीत! अर्ध्याहून जास्त लोक आज नॉनव्हेज खात नाहीत. बायकांचे तर उपास आहेत, पूजा उरकून आल्यात बिचाऱ्या. मी काय करू? तुमच्याकडं व्हेज किती मडकी आहेत? पाच ना? पाच मडक्यांत एकशेवीस माणसं कशी बसणार?"

वाजिदच्या हातात टब होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला.

बिल्किस पुढं आली. "व्हेज चोवीस हायत," ती हितेशला म्हणाली. "आंब्याकडची सहा कोंबडीची, बाकी सगळी साधी. रताळी जास्त घातलीत, उपासवाल्यांना. शेंगा कमी पडल्या तर जानीनं तिच्या पोरानं, गोरखनं, अर्ध्या वाट्यानं कसलेल्या वावरातल्या दोन गोणी आणल्या. त्यांच्या वाटणीच्या. त्या चौघींतल्या तिच्या सुनेनं आता जाता जाता सांगितलं मला." मग ती नवऱ्याकडं वळली. "सकाळी ती हेच सांगत होती. तुमी चौथा धडा शिकवत होतात."

"मग प्रॉब्लेम काय?" हितेशचा चेहरा उजळला. "झालंच की! उघडायची कधी?"

"ते जिला माहीत हाय ती निघाली घरी," बिल्किस म्हणाली.

तीस मडक्यांवर जाळ भडकलेला. अजून पंधरा मिनिटं ठेवायची की पाच, कुणाला ठाऊक? वहीत याचा धडा नव्हता. वाजिद पळाला.

साहेबाचा कोट, पॉलिश केलेले बूट आणि बावन्न वर्षांचं पोट घेऊन भातखाचरातून पळणं म्हणजे खेळ नव्हे. कापलेल्या भाताचे खुंट बुटात रुतत होते. एका बांधावर तो घसरला आणि कोटाची बाही चिखलात गेली. मागं बसमधली पोरं मोबाइल काढून उभी. ओढ्यापाशी त्यानं बायकांना गाठलं.

"जानीबाय... थांब... थांब गो!"

जानी थांबली. वाजिद कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला. मग त्याचा हात आपोआप खिशात गेला आणि पाचशेची नोट बाहेर आली. "हे घे. राग नको धरू. चल, मडकी जळतील."

नोट दोघांच्या मधे हवेत राहिली. वाजिदनं तिच्याकडं पाहिलं, आणि त्याला एकदम मागून पुढं आलेला हात आठवला. पन्नास रियाल. अत्तराचा वास. 'राग नको धरू वाजिद, चल, उशीर होतोय.' हेच शब्द. त्या नोटेचं पुढं त्यानं काय केलं होतं तेही आठवलं : घरी पाठवली होती, फिजाच्या ईदच्या कपड्यांना. तोंडावर कुणी चिखल मारावा तशी त्याला लाज वाटली. नोट त्यानं मुठीत चुरगाळली.

"मजुरी तू रोज देतंस," जानी म्हणाली. "मी ती मागाया नाय आली. तू येवढ्या मान्सांत माज्यावर वरडलास. आता हितं वढ्यावर येऊन गोड बोलतंस. हितं कोन हाय आयकाया? खेकडं?"

"मग काय करू?"

"जितं वरडलास तितं बोल."

वाजिदनं मागं बघितलं. दीडशे माणसं, हितेशचा माईक, सोनेरी पाटी. एकोणीस वर्षांत साहेबाला त्यानं असं काही करताना पाहिलं नव्हतं. दहा धड्यांत याचा पत्ता नव्हता.

"बोलतो," तो म्हणाला. "पण आधी चल, जाळ बघ."

"जाल बगते मी. जालाचा काय दोष?" आणि ती त्याच्यापुढं चालायला लागली, अनवाणी, झपाझपा. वाजिद मागून फरफटत.

आल्याआल्या जानीनं काठीनं निखारे बाजूला सारले, ओंजळभर पाणी घेतलं आणि पहिल्या मडक्यावर मारलं. चर्र झालं. तिनं मान हलवली. "थांबा." सगळे थांबले. हितेशनं संधी साधून माईक वाजिदच्या हातात कोंबला. "भाषण, वाजिदभाई! तोवर धडे होऊन जाऊ दे!"

वाजिद माईक धरून उभा. बाहीवर चिखल, दाढीत काटक्या. पुढच्या ओळीत नटून आलेल्या बायका, उपाशी, कंटाळलेल्या.

"माझ्याकडं दहा धडे हायत," तो म्हणाला. घसा खाकरला. "दोह्याच्या एका मोठ्या माणसाचे. ते ऱ्हाऊ द्या. मी एकोणीस वर्षं भायेर ऱ्हायलो. आज गुरुवार हाय, मार्गशीर्षातला, हे मी विसरलो. ह्या जानीबायनं ध्यानात ठेवलं. आज तुमी जे जेवणार ते तिच्यामुळं. सकाळी ती सांगत होती तेव्हा मी ऐकलं नाय, आणि आता तुमच्यासमोर तिलाच बेअक्कल म्हटलं. बेअक्कल मी हाय." तो थांबला. जानीकडं वळला. मग म्हणाला, "चुकलो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणाला कळलंच नाही वाजवायच्या की काय. मग मागून एक कामगार ओरडला, "मालक, चुकलात ते बरं झालं, पण भूक लागली!" आणि सगळं वावर हसलं. जानी हसली नाही. तिनं पाणी मारलं, या वेळी आवाज बारीक, कोरडा आला. तिनं वाजिदकडं बघून मान डोलावली; एरवी अशा वेळी ती कुणाकडं बघत नसे. "काढा रं," ती म्हणाली.

मडकी पालथी झाली, पाला बाजूला झाला, वाफेचा लोट उठला. उपासवाल्या बायकांनी रताळ्यावर फुंकर घालत डोळे मिटून घेतले. एक साहेबीण शेंगा सोलता सोलता जानीच्या शेजारी मातीतच बसली आणि म्हणाली, "मावशी, पुढच्या वर्षी पण तुम्हीच हां." निघताना हितेशनं जानेवारीच्या दोन ऑर्डरी पक्क्या केल्या. वाजिदनं लगेच तारखा सांगितल्या नाहीत. "जानीबाय, बघ गो, कुठला वार?" जानीनं बोटं मोजली, अमावास्या टाळली आणि दिवस सांगितला.

उरलेली तीस किलो कोंबडी? वाडीवाल्यांना मार्गशीर्षाशी काही देणंघेणं नव्हतं. पंचवीस किलो तिकडं गेली. वाडीत त्या रात्री जे जेवण झालं, त्याची चर्चा शिमग्यापर्यंत पुरली.

पाच किलो घरी आली. शुक्रवारी सकाळी बिल्किस ती तळत होती. वाजिद ओसरीवर बसून बुटांचा चिखल काढत होता, आणि मोबाइल किणकिणला. साहेबाचं ऑफिस. व्हिसाचं आजच कळवा.

"ऑर्डर नीट झाली," वाजिद आत बघत म्हणाला. "आता आपण ऱ्हाणार. तू म्हणालीस तसं."

"व्हय." बिल्किसनं मान वळवली नाही. "काल दीडशे लोकांत चुकलो म्हणालात. ऐकून बरं वाटलं मला."

"म्हटलं ना."

"घरात कधी म्हणणार?"

वाजिदचा ब्रश थांबला. "घरात काय चुकलो मी?"

"अब्बा गेले तेव्हा," बिल्किस म्हणाली, "साहेबानं रजा दिली होती. तिकीट पण देत होता. अर्शद तुमच्याच खोलीत ऱ्हायचा ना, त्यानं मला त्याच वर्षी सांगितलं. त्या आठवड्यात साहेबाची मोठी सभा होती, आणि गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तुमी तयार नव्हतात. बारा वर्षं झाली. मोहल्ला साहेबाला शिव्या घालतो, मी गप ऐकते." तिनं कोंबडीचा तुकडा उलटला. "ती वही मी वाचलीय. साहेब चुकला की ड्रायव्हर चुकतो, असं लिवलंयत ना शेवटी? आमच्याकडं उलटं होतं. ड्रायव्हर चुकला की साहेब चुकायचा."

वाजिदनं ब्रश खाली ठेवला. बारा वर्षं त्याला वाटत होतं, ही गोष्ट फक्त त्याला आणि अल्लाला ठाऊक आहे. बापाचा चेहरा आठवायला गेला तर मोबाइलच्या पडद्यावरचाच आठवला, तोही अडकत अडकत हलणारा. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत.

"चुकलो," तो म्हणाला.

"ऐकू नाय आलं. तेल तडतडतंय."

"चुकलो!" तो ओरडला. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या ओसरीवरचा म्हातारा जागा झाला.

मग त्यानं मोबाइल उचलला आणि एका बोटानं साहेबाच्या ऑफिसला लिहिलं : दुसरा ड्रायव्हर बघा. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं आणि पाठवलं.

आतून फिजा डोळे चोळत बाहेर आली. "काय झालं अम्मी? कोण ओरडलं?"

बिल्किसनं तव्यावरची कोंबडी ताटात काढली, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "काय नाय गो. तुझे अब्बा आले."